परका ठरविण्याचे राजकारण

(नागपूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)



निवडणूक जवळ आली की ज्याचे नाव मतदारयादीत नाही अशा माणसाविषयी सर्वांत अधिक बोलले जाते. फुटपाथवर फळे विकणारा, इमारतीच्या सांगाड्यावर विटा चढविणारी बाई, कारखान्याच्या फाटकाबाहेर ठेकेदाराची वाट पाहणारा तरुण ही माणसे एरवी कोणाच्या खिजगणतीत नसतात. प्रचाराच्या दीड-दोन महिन्यांत मात्र शहराच्या सर्व दुखण्यांचे मूळ त्यांच्यात सापडू लागते. नळाला पाणी नाही, परका आला; नोकरी नाही, परका आला; चोऱ्या वाढल्या, परका आला. हा प्रचार खोटा आहे एवढे म्हणून कार्यकर्त्याची सुटका होत नाही. हिंगणा किंवा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीलगतच्या गावातील शिकलेला मुलगा त्याला विचारतो की, जमीन आमच्या बापाची गेली, धूर आमच्या घरात येतो, आणि कामावर दुसऱ्या राज्यातून आणलेली माणसे कशी? या प्रश्नाला जो पक्ष उत्तर देणार नाही, त्याने त्या गावात सभा घेण्याचे कष्ट न घेतलेले बरे.

प्रथम नागपूरचाच विचार करू. हे शहर कोणाचे, असे विचारले तर इतिहास मोठे अडचणीचे उत्तर देतो. अठराव्या शतकाच्या प्रारंभी देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने हे नगर वसविले आणि बाहेरचे शेतकरी व कारागीर बोलावून त्यांना येथे आश्रय दिला. भोसले आले ते त्यानंतर, वऱ्हाडातून. जो आधी आला त्याचा हक्क मोठा, हे तत्त्व प्रामाणिकपणे लावायचे ठरविले तर नागपुरावर पहिला हक्क गोंडांचा ठरेल. पण भूमिपुत्रांची भाषा बोलणाऱ्या एकाही व्यासपीठावर गोंडाला मानाची खुर्ची मिळाल्याचे दिसत नाही. १८६७ साली येथे रेल्वे आली. १८७७ च्या १ जानेवारीस जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि तिच्याबरोबर बंगाली व तेलुगु कुटुंबे आली. कामठीत उत्तरेकडील मोमीन विणकर वसले. फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, त्यांनी जरीपटका उभा केला. या सगळ्यांच्या हातांनी जे झाले ते म्हणजे आजचे नागपूर.

परंतु याहून बोलकी गोष्ट सीमेची आहे. शहरातील बांधकामावर आज ज्यांना ‘बाहेरचे’ म्हटले जाते त्यांत छत्तीसगढी मजूर मोठ्या संख्येने आहेत. १९५६ च्या ३१ ऑक्टोबरपर्यंत रायपूर, बिलासपूर, जबलपूर ही सर्व एकाच प्रांतात होती आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. त्या दिवशी नागपुरात काम करणारा बिलासपूरचा मजूर आपल्या राजधानीत काम करीत होता. दुसऱ्या दिवशी उजाडले तेव्हा तो परप्रांतीय झाला होता. तो होता तेथेच होता, सरकारने नकाशावरील रेघ हलविली होती. परकेपणा हा माणसाच्या अंगचा गुण नसून प्रशासनाने ठरविलेली बाब आहे, हे समजून घेण्यास नागपूरकराला कोणत्याही ग्रंथाची गरज पडू नये.

असे असूनही, किंवा असल्यामुळेच, नागपुरात परप्रांतीयविरोधी राजकारण कधी मूळ धरू शकले नाही. येथे बेकारी नव्हती असे नाही. १९५६ साली राजधानी गेली, कचेऱ्या गेल्या, कचेऱ्यांबरोबर नोकऱ्या गेल्या. १९५३ च्या २८ सप्टेंबरच्या नागपूर कराराने विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात सरकारी नोकऱ्यांचे आश्वासन दिले होते. ते कितपत पाळले गेले, हा वाद आजही मिटलेला नाही. १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालाने राज्याच्या एकूण अनुशेषापैकी सुमारे ३९ टक्के अनुशेष विदर्भाच्या वाट्यास दाखविला. तक्रार खरी होती, आणि ती मतपेटीतही उतरली. १९७१ मध्ये जांबुवंतराव धोटे नागपुरातून लोकसभेवर गेले ते वेगळ्या विदर्भाची हाक देऊनच. पण त्या हाकेचा रोख राज्यकर्त्यांकडे होता. निधी कोण वाटतो, धरणे कोठे होतात, भरती कोण करतो, असे ते प्रश्न होते. त्या चळवळीची मागणी मान्य असो वा नसो, तिने शेजारच्या झोपडीतील माणसाला शत्रू ठरविले नाही, ही गोष्ट तिच्या खात्यावर जमा केलीच पाहिजे. तिच्यातही ‘पुण्या-मुंबईच्या लोकां’वर सरसकट राग काढणारे वक्ते होते, परंतु त्या रागातून कोणाची हातगाडी उलटविली गेली नाही.

मुंबईत वेगळे घडले. ते का घडले, हे नीट पाहिल्याखेरीज आजचा प्रचार कळणार नाही.

१९६० साली मुंबईसह महाराष्ट्र झाला. ज्या श्रमिकांनी आणि मध्यमवर्गाने त्यासाठी लढा दिला, १०५ माणसे गमावली, त्यांची स्वाभाविक अपेक्षा होती की आता या नगरीत मराठी माणसाला मानाचे स्थान मिळेल. १९६१ च्या जनगणनेत मुंबईत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ४३ टक्के होते. गुजराती बोलणारे सुमारे १९ टक्के, तर चारही दाक्षिणात्य भाषा मिळून आठ-नऊ टक्के होते. आता गंमत पाहा. व्यापार, गिरण्या, जमिनी व भांडवल यांवर ज्यांची पकड होती त्यांच्याविरुद्ध मोहीम निघाली नाही. ती निघाली आठ-नऊ टक्क्यांविरुद्ध. याचे कारण अर्थशास्त्रीय आहे. दाक्षिणात्य तरुण इंग्रजी लघुलेखन व टंकलेखन शिकून येत असे आणि कारकुनाच्या, स्टेनोच्या, कनिष्ठ अधिकाऱ्याच्या जागेसाठी उमेदवार होत असे. दादर-गिरगावच्या चाळीत मॅट्रिक होऊन बसलेल्या मुलाच्या स्वप्नातील जागा नेमकी तीच होती. मालक त्याला दिसत नव्हता, प्रतिस्पर्धी रोज दिसत होता. १९६० च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या ‘मार्मिक’ने हे ओळखले आणि कंपन्यांतील व कचेऱ्यांतील अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापण्यास आरंभ केला. आकडेवारीचे पत्रक जे करू शकले नसते ते त्या याद्यांनी केले, कारण वाचकाला त्यांत आपल्याला नोकरी नाकारणाऱ्याचे नाव सापडले.

१९६६ च्या १९ जूनला शिवसेना स्थापन झाली. त्याच महिन्याच्या ६ तारखेस रुपयाचे अवमूल्यन झाले होते. दुष्काळ पडला होता, धान्य रेशनवर आणि परदेशी बोटींवर अवलंबून होते, कारखानदारीत मंदी शिरली होती, नव्या जागा निघणे थांबले होते. पंचवार्षिक योजनांनी शिकलेल्या तरुणांची जी पिढी तयार केली तिला काम देण्याची पाळी आली तेव्हा योजनाच अडखळली. त्या रागाला वाट हवी होती. ती वाट दाखविण्याचे काम डाव्यांचे व समाजवाद्यांचे होते. त्यांच्याकडे मुंबईतील बलाढ्य कामगार संघटना होत्या. मात्र संघटना नोकरीत असलेल्यांच्या होत्या, नोकरी नसलेल्यांच्या नव्हत्या. बोनसाच्या प्रश्नावर शहर बंद पाडू शकणाऱ्या नेत्यांपाशी नाक्यावर उभ्या असलेल्या बेकार मुलासाठी एकही कार्यक्रम नव्हता. शिवसेनेच्या शाखेने त्याला बसायला बाकडे दिले, अर्ज लिहून दिला, दवाखान्यात ओळख काढून दिली. उत्तर चुकीचे होते, तरी त्याचे गाऱ्हाणे कोणी तरी ऐकून घेतले होते.

१९६७ च्या लोकसभा निवडणुकीतील दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत. ईशान्य मुंबईत व्ही. के. कृष्ण मेनन अपक्ष उभे होते. १९५७ आणि १९६२ असे दोनदा याच शहराने त्यांना निवडून दिले होते. तेव्हा त्यांचे मल्याळी असणे कोणास खटकले नव्हते. १९६७ मध्ये काँग्रेसने त्यांना तिकीट नाकारले, ते मुंबईचे नाहीत हे कारण पुढे करून. शिवसेनेने स. गो. बर्वे यांच्या बाजूने आपली सारी ताकद लावली आणि मेनन पडले. म्हणजे परकेपणाचा मुद्दा निवडणुकीच्या राजकारणात प्रतिष्ठित केला तो नव्या संघटनेने एकटीने नव्हे. प्रस्थापित पक्षाने दार उघडून दिले होते. त्याच निवडणुकीत दक्षिण मुंबईत स. का. पाटील यांचा पराभव झाला. पाटील सावंतवाडीकडचे, मराठी, मुंबईचे अनभिषिक्त राजे म्हणविले जाणारे. त्यांना पाडणारे जॉर्ज फर्नांडिस मंगळूरहून १९४९ च्या सुमारास हात हलवीत या शहरात आलेले, पदपथावर झोपलेले, मातृभाषा कोंकणी. त्यांचा जन्म कोठला हे विचारण्याची मतदाराला गरज भासली नाही, कारण महापालिकेचा सफाई कामगार, टॅक्सीवाला आणि हॉटेलातला पोऱ्या यांना त्यांनी संघटनेत एकत्र बांधले होते. एकाच शहरात, एकाच वर्षी, परका म्हणून एक पडला आणि परका असून दुसरा जिंकला. फरक मतदाराच्या सद्बुद्धीत शोधून सापडणार नाही. तो मतदारसंघात आधीची दहा-पंधरा वर्षे काय काम झाले होते यात आहे.

पुढला भाग समाजवाद्यांना ऐकण्यास गोड नाही, तथापि तो टाळून हा विषय मांडता येणार नाही. १९६८ च्या मार्चमध्ये मुंबई महापालिकेची निवडणूक झाली, तीत प्रजासमाजवादी पक्षाने शिवसेनेशी युती केली. ज्यांनी ही युती केली ते संधिसाधू नव्हते. त्यांतील अनेक जण आयुष्यभर निष्कलंक राहिले. हिशेब असा होता की तरुणांचा लोंढा तिकडे वळला आहे, त्याच्याजवळ जाऊन त्याला हळूहळू लोकशाही समाजवादाकडे आणता येईल. निकाल लागला तेव्हा १४० पैकी ४२ जागा शिवसेनेच्या पदरात पडल्या होत्या आणि प्रजासमाजवादी पक्ष फार मागे राहिला होता. तरुण समाजवादाकडे आले नाहीत; समाजवाद्यांच्या प्रतिष्ठेचा शिक्का मात्र त्या संघटनेला मिळाला.

नेमक्या त्याच दिवसांत इंग्लंडमध्ये काय चालले होते, हे पाहण्यासारखे आहे. केनियातील भारतीय वंशाचे, ब्रिटिश पारपत्र असलेले लोक तेथून निघून इंग्लंडकडे येऊ लागले होते. विल्सन यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने त्यांना अडविण्यासाठी १९६८ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अवघ्या काही दिवसांत कायदा संमत करून घेतला. समजूत अशी की विरोधकांच्या हातातील हत्यार आपणच उचलले की ते निकामी होईल. २० एप्रिलला बर्मिंगहॅम येथे इनॉक पॉवेल यांनी आपले कुप्रसिद्ध भाषण केले, आणि तीन दिवसांनी लंडनच्या गोदीतले कामगार, म्हणजे मजूर पक्षाचा कणा असलेला वर्ग, पॉवेल यांच्या समर्थनार्थ संसदेवर चालून गेला. १९७० ची निवडणूक मजूर पक्ष हरला. त्या पराभवाला इतरही कारणे होती हे मान्य. पण सवलत देऊन वादळ शमते ही कल्पना मुंबईत आणि लंडनमध्ये एकाच वसंत ऋतूत खोटी ठरली. सरकार स्वतःच जेव्हा म्हणते की येणाऱ्यांची संख्या हे संकट आहे, तेव्हा ते संकट अधिक जोराने टाळण्याचे आश्वासन देणाऱ्याकडे मतदार जाणारच. अमेरिकेच्या २०१६ व २०२४ च्या निवडणुकांत आणि ब्रिटनच्या २०१६ च्या युरोपविषयक सार्वमतात याच नाटकाचे प्रयोग झाले.

पुन्हा मुंबईकडे येऊ. १९७० च्या ५ जूनला परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि त्या जागेच्या पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार झाले. देसाई दाक्षिणात्य नव्हते. गिरणगावातले मराठी कामगार नेते होते. दाक्षिणात्यांविरुद्ध निघालेली फौज चार वर्षांच्या आत मराठी कम्युनिस्टापाशी येऊन थांबली. पुढे मुसलमान आले, मग उत्तर भारतीय आले, मग बांगलादेशी. निशाण बदलत गेले. नोकरीचा प्रश्न होता तेथेच राहिला. १९८२ च्या १८ जानेवारीला अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप मोडला, गिरण्या बंद पडत गेल्या, १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीची वाट मोकळी केली आणि कोकणातून व घाटावरून आलेल्या मराठी कुटुंबांच्या तीन-तीन पिढ्यांचे बस्तान त्या जमिनीबरोबर उखडले गेले. मराठी माणसाचा मुंबईतील हा सर्वांत मोठा आर्थिक पराभव होय. तो ना इडली विकणाऱ्याने केला, ना टॅक्सी चालविणाऱ्याने. त्या जमिनींवर मनोरे चढले तेव्हा भूमिपुत्रांच्या नावाने राजकारण करणारे कोठे होते, हे प्रत्येकाने आठवून पाहावे. आणि ते गिरणी कामगार तरी मुळात कोण होते? १९२१ च्या जनगणनेत मुंबईच्या दर पाच रहिवाशांपैकी चार जण शहराबाहेर जन्मलेले होते. रत्नागिरीकरही तेथे पोटासाठी आलेलाच.

२००६ मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेना निघाली. २००८ च्या फेब्रुवारीत उत्तर भारतीय टॅक्सीचालकांना व फेरीवाल्यांना मारहाण झाली, ऑक्टोबरात रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उमेदवारांना झोडपण्यात आले. रेल्वेच्या भरतीच्या जाहिराती मराठी वृत्तपत्रांत येत नाहीत ही तक्रार त्यात होती, आणि ती रास्त होती. मार खाल्ला मात्र जाहिरात न देणाऱ्याने नव्हे, अर्ज करणाऱ्याने. २००९ च्या विधानसभेत या पक्षाचे १३ आमदार आले. २०१४ मध्ये एक, २०१९ मध्ये एक, २०२४ मध्ये एकही नाही. यावरून हा मुद्दा संपला असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे होईल. तो अधिक मोठ्या पक्षांनी अधिक मोठ्या शत्रूसह उचलला, एवढाच त्याचा अर्थ.

तो मोठा शत्रू म्हणजे ‘घुसखोर’. या शब्दाची ताकद अशी की त्यात परराष्ट्र आणि परधर्म दोन्ही बसतात. आसामात काय झाले ते विसरता कामा नये. १९७९ मध्ये मंगलदोई लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीसाठी मतदारयादी तपासताना हरकती निघाल्या, त्यातून सहा वर्षांचे आंदोलन उभे राहिले. १९८३ च्या १८ फेब्रुवारीला नेल्ली परिसरात एका दिवसात दोन हजारांच्या आसपास माणसे कापली गेली. १९८५ च्या १५ ऑगस्टला करार झाला, आंदोलनकर्ते त्याच वर्षअखेर सत्तेवर आले, आणि प्रश्न सुटला नाही. २०१९ च्या ऑगस्टअखेर नागरिक नोंदवही प्रसिद्ध झाली, तीतून १९ लाखांहून अधिक लोक वगळले गेले. ज्यांनी ती मागितली होती तेही ती मान्य करावयास तयार नाहीत, कारण वगळलेल्यांत त्यांना नको होती तीच माणसे निघाली नाहीत.

महाराष्ट्रात १९९५ ला युती सरकार आल्यावर बांगलादेशी हुडकण्याची मोहीम निघाली. १९९८ च्या जुलैमध्ये मुंबईहून रेल्वेने नेल्या जाणाऱ्या एका गटाला बंगालमधील उलुबेडिया स्थानकावर लोकांनी सोडविले. ही भारतीय नागरिक असलेली बंगाली भाषक माणसे आहेत, असे बंगालच्या राजकीय पक्षांचे म्हणणे होते. २०२५ मध्ये पुन्हा बंगाली बोलणारे मजूर पकडले गेले, त्यांतील काहींना सीमेपलीकडे ढकलण्यात आले आणि ते भारतीय असल्याचे निघाल्यावर परत आणावे लागले. त्याच वर्षी राज्यात उशिराने दिलेल्या जन्मदाखल्यांची चौकशी सुरू झाली. परदेशी नागरिकाने कायदा मोडून येथे राहावे असे कोणी म्हणणार नाही. कायद्याने त्याची चौकशी व्हावी, न्यायालयात व्हावी. परंतु जन्माची नोंद उशिरा कोणाची होते? मेळघाटातल्या कोरकूची, भटक्या जमातीच्या पालात जन्मलेल्या मुलाची, घरी बाळंत झालेल्या शेतमजूर बाईच्या लेकराची. पुराव्याचा कागद मागणारी यंत्रणा धर्म पाहून निघाली तरी शेवटी ती गरिबीच्या दारात जाऊन उभी राहते. गडचिरोली-चंद्रपुरात पूर्व पाकिस्तानातून आलेली निर्वासित बंगाली कुटुंबे सरकारनेच आणून वसविली. त्यांतील नामशूद्रांना बंगालमध्ये अनुसूचित जातीचा दर्जा आहे, महाराष्ट्रात नाही. दर निवडणुकीत त्यांना आश्वासन मिळते, आणि निवडणूक सरली की ते पुन्हा केवळ ‘बंगाली’ उरतात.

आता आकड्यांकडे वळू. २०११ च्या जनगणनेत ४५ कोटींहून अधिक भारतीयांनी आपण स्थलांतरित असल्याचे सांगितले. यात बहुसंख्य बायका आहेत, आणि त्यांचे कारण विवाह. राज्याची सीमा ओलांडलेले त्यांत सुमारे साडेपाच कोटी. म्हणजे ज्या लोंढ्याची भीती घातली जाते तो एकूण स्थलांतराचा आठवा हिस्सा. बाकीचे आपल्याच राज्यात हिंडतात. बीडचा ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्राच्या फडावर जातो, यवतमाळचा पदवीधर पुण्याच्या चाकणला जातो. आणि विदर्भातलीही माणसे सीमा ओलांडतात. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया येथील शेतमजूर, त्यांत बायका मोठ्या संख्येने, मिरची तोडणीच्या हंगामात तेलंगणात जातात. २०२० च्या टाळेबंदीत त्यांना रानावनातून पायी घरी यावे लागले. तेथे ही माणसे परकी होती. ८ मे २०२० रोजी औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. ते मध्य प्रदेशातील होते आणि जालन्याच्या पोलाद कारखान्यांत राबत होते. जालन्याला त्यांचे श्रम हवे होते, पण टाळेबंदीच्या दिवसांत त्यांना भाकरी व छप्पर देण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती. आणि ज्या घरांतील मुले अमेरिकेत संगणकाच्या नोकऱ्या करतात त्या घरांनाही २०२५ च्या सप्टेंबरात हा विषय कळला. एच-१बी परवान्याच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरचे शुल्क बसविण्याची घोषणा झाली तेव्हा ‘त्यांचा तरुण आधी’ हा युक्तिवाद नागपूरच्या धरमपेठेत अन्यायाचा वाटला. तोच युक्तिवाद येथे न्यायाचा कसा वाटतो, हे त्या घरांना कोणी विचारीत नाही.

मग त्या बुटीबोरीच्या मुलाला काय सांगावयाचे? स्थानिकांना ८० टक्के जागा हे धोरण महाराष्ट्रात नवे नाही. राज्याच्या औद्योगिक सवलती घेणाऱ्या कारखान्यांवर ही अट फार दिवसांपासून आहे, आणि स्थानिक म्हणजे १५ वर्षांचा रहिवासी अशी व्याख्याही आहे. ती अट मोडते कोठे? ठेकेदारापाशी. कायम कामगारांच्या हजेरीपटावर दहा-वीस नावे ठेवावयाची आणि बाकीचे काम ठेक्याने द्यावयाचे, म्हणजे टक्केवारी साधते आणि मजुरीही वाचते. ठेकेदार बिहारचा किंवा ओरिसाचा मजूर आणतो तो त्याच्या प्रेमाने नव्हे. उचल घेतलेला, फाटकाच्या आतच झोपणारा, बारा तास राबणारा, संघटनेत जाण्याची हिंमत नसलेला माणूस त्याला हवा असतो. स्थानिक मुलगा संध्याकाळी घरी जातो, सणाला सुटी मागतो, दुखापत झाली तर गाव घेऊन येतो. त्याला काम न मिळण्याचे कारण दुसऱ्याचा जन्म कोठे झाला हे नसून दुसऱ्याची असहायता हे आहे. ती असहायता कायम ठेवून नुसती टक्केवारी मागितली तर ठेकेदाराच्या अंगाला ओरखडाही उमटत नाही. जमीन गेलेल्याला नोकरी, भरतीची मराठीत जाहीर सूचना, सेवायोजन कार्यालयामार्फत निवड, ठेक्यावरील व कायम कामगाराला सारख्या कामाचा सारखा दाम या मागण्या पक्षाने बेधडक कराव्यात. त्यांत परक्याचा द्वेष नाही. हरयाणाने खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिकांचा कायदा केला, तो उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरविला. संविधानाचे १६ वे व १९ वे कलम पाहता दुसरे काय होणार होते? मते तेवढी पदरात पडली.

उलट ज्या कायद्याने ठेकेदाराला वेसण बसली असती तो कागदावर राहिला. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा जनता राजवटीच्या अखेरच्या काळातला. ठेकेदाराला परवाना, मजुराला पासबुक, येण्याजाण्याचे भाडे आणि विस्थापन भत्ता असे सर्व त्यात होते. प्रामाणिकपणे लावला असता तर बाहेरचा मजूर मालकाला स्थानिकापेक्षा महाग पडला असता, आणि केवळ स्वस्त म्हणून त्याला आणण्याचे कारण उरले नसते. तो कायदा नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहितेत विरून गेला. पाच मजुरांची मर्यादा दहा झाली, विस्थापन भत्ता गळाला. भूमिपुत्रांसाठी रस्त्यावर उतरणाऱ्यांपैकी कोणी यासाठी रस्त्यावर उतरल्याचे दिसले नाही.

भाषेचा प्रश्न यातून वेगळा काढला पाहिजे. २०२५ च्या उन्हाळ्यात पहिलीपासून हिंदी शिकविण्याचा निर्णय सरकारने काढला आणि विरोधामुळे जूनअखेर मागे घेतला. तो विरोध योग्य होता. राज्याचा कारभार, शाळा, न्यायालय, बँक यांत मराठी चालली पाहिजे ही मागणी राज्यसत्तेकडे करावयाची असते. पाणीपुरीवाल्याच्या कानाखाली वाजवून बँकेचा अर्ज मराठीत छापून मिळत नाही. भाषेच्या न्याय्य आग्रहाला समाजवादी जितके बळ देतील, तितकी ती भाषा गुंडगिरीच्या हातून सुटेल.

राहिला मतदानाचा प्रश्न, ज्यावर कार्यकर्त्याला लगेच काम करता येईल. स्थलांतरिताचे नाव गावच्या यादीत असते तर मतदानाच्या दिवशी तो शहरात असतो. शहराच्या यादीत त्याचे नाव नसते. निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये दूरस्थ मतदानयंत्राची कल्पना मांडली, जानेवारी २०२३ मध्ये पक्षांपुढे ठेवली आणि ती तेथेच राहिली. २०२५ मध्ये बिहारच्या यादीची फेरतपासणी झाली तेव्हा कच्च्या यादीतून सुमारे ६५ लाख नावे गेली, त्यांत स्थलांतर केलेले किंवा पत्त्यावर न सापडलेले म्हणून वगळलेले लाखो होते. म्हणजे गावाने त्याला गेला म्हणून कापावयाचे आणि शहराने आला म्हणून घ्यावयाचे नाही. ज्याच्या मताची भीती नाही त्याच्याविरुद्ध भाषण करण्यास कोणतेही धैर्य लागत नाही. या प्रचाराचे सारे गणित त्यावर चालते.

१९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात अट आहे ती त्या जागी सामान्यतः राहत असण्याची. घराची मालकी किंवा राज्यातील जन्म तेथे विचारला जात नाही. बांधकाम मजुराने वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला दिला की कल्याणकारी मंडळात त्याची नोंद होऊ शकते, मग तो दुर्गचा असो की देसाईगंजचा. नागपुरात सकाळी ज्या ज्या नाक्यांवर मजूर उभे राहतात तेथे हे दोन्ही अर्ज घेऊन आठवड्यातून एकदा जाणे कोणत्याही शाखेला अशक्य नाही. ज्याला घरच नाही, जो उघड्यावर झोपतो, त्याच्या बाबतीत निवडणूक अधिकाऱ्याने रात्री त्या जागी येऊन तो तेथे झोपतो की नाही हे पाहावे अशी आयोगाची सूचना आहे. अधिकारी बहुधा येत नाही, आणि अर्ज ‘पत्त्यावर आढळला नाही’ असा शेरा मारून निकाली निघतो. त्या रात्री मजुराजवळ पक्षाचा एक माणूस हजर असला आणि अधिकाऱ्याला आधी लेखी कळविलेले असले तर तो शेरा मारणे कठीण जाते.